कॉरल बसमध्ये परत आली नाही

रविवार, १२ मे

बाई सापडलेली नाही.

चहा केला, तसाच गार झाला. लिहिल्याशिवाय राहवत नाही. पोलिसांना सांगताना सगळं उलटसुलट झालं माझं.

सकाळी एडिनबऱ्याहून निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं. रॅब गाडीवर, मी माइकवर. नेहमीचीच सहल — पूल ओलांडून फाइफ, मग कोळ्यांची गावं, दुपारचं जेवण स्केलहेवनला, शेवटी कड्यावरचा पडका किल्ला आणि परत. झोपेतसुद्धा बडबडेन मी हे सगळं. माझ्या मागच्याच बाकावर हे नवरा-बायको. ग्रॅहम आणि कॉरल पिकर्सगिल, यॉर्कशरकडचे. तो पन्नाशीचा, टापटीप, बुटांना चकचकीत पॉलिश. ती — काय सांगू, जणू कुणी खोडरबराने पुसत आणलेली. ‘पहिल्यांदाच येताय का?’ मी तिला विचारलं. उत्तर त्याने दिलं. ‘खिडकी उघडू का जरा?’ उत्तर त्यानेच. स्केलहेवनला तिला खेकडा खायचा होता. ‘तिला सोसत नाही,’ म्हणाला, आणि तिच्यापुढे सूप ठेवलं.

धक्क्यावर इझबेलची खेकड्यांची टपरी आहे. तो रॅबला गाडी मागे कशी घ्यावी ते शिकवायला गेला — रॅबला! — तेवढ्यात ही हळूच टपरीपाशी गेली. इझबेलने खेकड्याचा गर काढून तिच्या तळहातावरच ठेवला. ‘खा गं. कोण बघतंय!’ दोघी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. ती हसली तेव्हा कळलं, ही माझ्याहून लहान आहे.

मग किल्ला. पोचलो आणि समुद्रावरून धुकं चढलं. इथं ते असंच येतं, पाय न वाजवता. आधी पाणी गेलं, मग कडा, मग किल्ल्याची भिंत. मी ओरडले, ‘सगळे बसकडे चला! कुंपणाच्या तारेपलीकडे कुणी जायचं नाही!’ माझाच आवाज मला परका वाटला. एकेक जण धुक्यातून बाहेर यायला लागला. डोकी मोजली. एक कमी.

ग्रॅहम बसच्या दाराशी उभा होता. ‘ती आत बसलीय ना?’ — अगदी गार आवाजात. नाही म्हटल्यावर दोन क्षण माझ्याकडे बघत राहिला. आणि मग ओरडायला लागला. ‘कॉरल! कॉरल!’ त्याच्या मनगटावर ताजे ओरखडे होते. रॅबनेही पाहिले.

तटरक्षक आले. हेलिकॉप्टरला धुक्यात उतरता येईना, नुसतं वर घरघरत राहिलं. जीवरक्षक नौका गेली. कड्याच्या तारेपाशी चिखलात एक बूट सापडला. निळा, कापडी. एकच.

त्याने ढकललं तिला. मी हे कुठंच बोलले नाही. इथं लिहिते आहे.

सोमवार, १३ मे

कंपनीने सहली थांबवल्या. मला ‘घरी आराम करा’ सांगितलंय. आराम!

पोलिसांना ओरखड्यांचं सांगितलं. लिहून घेतलं त्यांनी. मग मलाच विचारलं — तुम्ही धुकं येताना पाहिलं होतं, तर किल्ल्यावर थांबलात कशाला? वर्षानुवर्षं थांबतेय. लोकांना धुकं आवडतं. फोटो चांगले येतात.

रॅब येऊन गेला. सोबत माशांचं सूप आणलं होतं बायकोने केलेलं. ‘अगं सेंगा, माणसं आहेत ती, मेंढरं नव्हेत. दावं लावून फिरवणार होतीस का?’ असं म्हणाला खरं, पण स्वतः चमचा नुसता फिरवत बसला. जाताना जिन्यात थांबला. ‘तो माणूस मला आवडला नाही. दार लावून घेत जा.’

लीथच्या या इमारतीत इतकी वर्षं काढली, दाराला साखळी कधी घातली नव्हती. आज घातली.

मंगळवार, १४ मे

शोध चालूच. काही नाही. फोन वाजला की धावत जाते.

बुधवार, १५ मे

तो आला होता. इथं! माझ्या घरी!

दुपारी बेल वाजली. मला वाटलं, वरची बाई. साखळी न लावताच दार उघडलं — मूर्ख! — तर हा हातात पिवळी फुलं घेऊन उभा. दाढी केलेली, बूट चकचकीत. ‘तुमच्या कंपनीतल्या मुलीने पत्ता दिला. मला फक्त पाच मिनिटं हवीत.’ बायको गमावलेल्या माणसाच्या तोंडावर दार कसं आपटायचं? आत घेतलं. चहा ठेवला. आणि त्याची पाठ दाराकडे, माझी भिंतीकडे — हे बसल्यावर लक्षात आलं.

रडला नाही. ‘बिचारी’, ‘माझी कॉरल’ असलं काही नाही. नुसते प्रश्न. तिने तुम्हाला काय विचारलं? बसमधल्या कुणाशी बोलली? पैसे मागितले का कुणाकडे? माझे हात मांडीखाली दाबून धरलेले. वाटत होतं, हा चाचपून बघतोय — कुणी काय पाहिलं, कोण काय बोलेल. उठला पाहिजे, गेला पाहिजे, एवढंच डोक्यात. म्हणून बोलून गेले. ‘माझ्याशी काहीच नाही बोलल्या हो. त्या टपरीवाल्या इझबेलशीच काय ते बोलल्या.’

‘कोण इझबेल?’

‘स्केलहेवनची. धक्क्यावरची.’

कप खाली ठेवला. अर्धाच प्यायलेला. हसला. ‘बघा, किती मदत झाली तुमची,’ म्हणाला, आणि गेला.

हे काय करून बसले मी! त्याने ढकललं असेल आणि कॉरल आधी इझबेलजवळ काही बोलली असेल, तर साक्षीदार म्हणून आता फक्त इझबेल. आणि मी तिचं नाव, गाव, धक्का, सगळं ताटात वाढून दिलं त्याला.

पोलिसांना फोन केला. पलीकडचा पोऱ्या समजुतीने बोलला. ‘बाई, तो दुःखात आहे. अशी माणसं शेवटी कोण काय बोललं ते शोधत फिरतात. तरी मी नोंद करतो.’ इझबेलला फोन लावला. उचलत नाही. परत लावला. उचलत नाही.

फुलं कचऱ्यात टाकली. सकाळच्या पहिल्या बसने जाते.

गुरुवार, १६ मे

घरी आले. रॅबच्या घरी, खरं म्हणजे. माझ्या घरी जायचं धाडस नाही. त्याची बायको नोरीन बाहेर भांडी घासतेय, मी त्यांच्या मुलीच्या जुन्या खोलीत बसून लिहितेय. सगळं एका दमात लिहून काढते, नाहीतर छाती फुटेल.

स्केलहेवनला उतरले तर टपरी बंद. मे महिन्यात, उन्हाच्या दिवशी, बंद! इझबेलचं घर धक्क्याच्या मागेच. दार वाजवलं. पडदा हलला. दार बोटभर उघडलं.

‘काय गं सेंगा? आज सहल नाही ना?’

जिवंत होती! मला रडूच फुटलं. भडाभडा सांगायला लागले — तो आला होता, त्याने विचारलं, मी तुझं नाव सांगितलं, तू आधी पोलिसांकडे चल. इझबेलचा चेहरा दगडासारखा. मला दंडाला धरून आत ओढलं आणि कडी लावली.

‘नाव सांगितलंस? माझं नाव सांगितलंस तू त्याला?’

‘अगं, त्याने मारलंय तिला! आता तुला —’

‘मारलंय म्हणे! गप बस जरा. ये गं खाली!’

जिन्यावरून कॉरल आली. अंगात इझबेलचा स्वेटर, पायात कुठलेतरी पुरुषी मोजे. मी खुर्चीत बसले, म्हणजे पडलेच. काय वाटलं ते लिहिता येत नाही. आनंद झाला का? झाला असेल. आधी रागच आला. चार दिवस माझ्या डोळ्यांपुढे तिचं प्रेत तरंगत होतं, आणि ही इथं ओटमील खात होती!

ती माझ्यापुढे येऊन खाली बसली. किती हळू बोलते. ‘ठरवलेलं काही नव्हतं हो. तो म्हणाला, चल, खाली खडकांवर सील मासे दिसतात. तारेपलीकडे ओढत होता. मला काही दिसत नव्हतं. कसा कोण जाणे, मी हात हिसडला. नखं लागली त्याला. तो चिडून मला हाका मारायला लागला, आणि मला एकदम कळलं की त्यालाही मी दिसत नाहीये. लग्नानंतर पहिल्यांदाच.’ बूट चिखलात राहिला तो तिथंच सोडला. किनाऱ्याची पायवाट चाचपत चाचपत गावाकडे चालत आली. ‘या बाईंनी मला खायला दिलं होतं, त्याच्याकडे न बघता. दुसरं दार मला माहीतच नव्हतं.’

बाही वर केली तिने. जुने डाग, त्यावर नवे. मी दुसरीकडे बघितलं.

आत इझबेलचा भाऊ आर्ची होता. सत्तरीचा, स्वतःची बोट आहे त्याची. तो माझ्याकडे बघून म्हणाला, ‘तुला राग आला? मला विचार! दोन दिवस मी बोट घेऊन हिचं मढं शोधत फिरतोय, आणि घरी येतो तर मढं माझ्याच बहिणीच्या टेबलावर सूप पितंय!’ कॉरलचं तोंड उतरलं. माडीच्या खिडकीतून तिला नौका जाताना दिसायच्या. पोरं आपल्यासाठी जीव धोक्यात घालतायत, आपण सांगायला हवं, असं वाटायचं तिला; आणि सांगितलं की तो येणार. याआधी दोनदा पोलिसांकडे गेली होती, तिकडे त्यांच्या गावात. दोन्ही वेळा हा फुलं घेऊन न्यायला आला. फुलं!

ठरलं असं की आर्चीने तिला बोटीने पलीकडच्या किनाऱ्यावर न्यायचं. तिथं इझबेलची भाची वकील आहे. तिला सोबत घेऊन कॉरल स्वतः पोलिसांपुढे उभी राहील — मी जिवंत आहे, मला शोधू नका, आणि त्याला माझा ठिकाणा सांगू नका. भरती चढत होती. आर्ची बोटीसाठी डिझेलचे डबे भरायला गेला.

आणि इझबेल खिडकीशी गचकन थांबली. ‘राखाडी गाडी. तो आहे का बघ.’

तोच. धक्क्याच्या तोंडाशी गाडी लावून बंद टपरीकडे बघत होता. बोट त्याच धक्क्याला. तिथं जायला दुसरी वाट नाही.

मांजर भिंतीला चिकटतं तशी कॉरल कोपऱ्यात सरकली. ‘मी जाते त्याच्याबरोबर,’ म्हणायला लागली. ‘तुम्हाला त्रास नको. मी जाते.’ इझबेलने तिच्या तोंडावर हात ठेवला.

मी उठले. का, ते माहीत नाही. माझ्यामुळे आला होता तो. आणि मला आयुष्यात एकच गोष्ट येते — अनोळखी माणसांना फिरवणं. मागच्या दाराने बाहेर पडले, वळसा घालून चर्चच्या बाजूने उतरले, आणि हात हलवत त्याच्याकडे गेले. ‘अहो पिकर्सगिल! बरं झालं भेटलात!’

‘तुम्ही इथं?’ डोळे बारीक.

‘मलाही राहवेना. इझबेलकडे आले होते, पण ती किल्ल्यावर गेलीय. तुमच्या कॉरलने तिला तिथली एक जागा सांगितली होती म्हणे. चला, मी दाखवते.’ इतकं धडधडीत खोटं मी कधी बोलले नव्हते. पण तोंडावर तेच माइकवरचं हसू. सवयीने वाचवलं.

गाडीने चला म्हणाला. नको म्हटलं, पायवाटेनेच बघायला हवं. आणि चालायला लागले. बोलत राहिले. हे मिठाचं कोठार, हा इथला जुना पाद्री, हे जहाज इथं फुटलं, ते तिथं फुटलं. तो मागून येत होता. मागे! त्याच्या बुटांचा आवाज माझ्या पाठीला लागत होता. वळून बंदराकडे बघायची हिंमत नव्हती. बघितलं असतं तर त्यानेही बघितलं असतं.

किल्ल्यावर चिटपाखरू नाही. ऊन, वारा, खाली पाणी आपटतंय. ‘कुठाय ती बाई?’

‘येईलच इतक्यात.’

‘तुम्ही मला खेळवताय.’ शांतपणे म्हणाला. पुढं येऊन माझा दंड धरला, कोपराच्या वर, अंगठा आत रुतवून. ओरडला नाही, काही नाही. ‘ती मेलेली नाही. मला माहीत आहे. तिला एकटीला स्टेशनवर तिकीट काढता येत नाही हो, मरायला कुठून जमणार? कोणीतरी लपवलंय. तुम्ही लपवलंय?’ आणि असं विचारत विचारत तो एकेक पाऊल टाकत होता. मी मागे सरकत होते. तार माझ्या पोटऱ्यांना लागली.

मी म्हटलं, ‘दुखतंय. सोडा.’

तेवढ्यात कुत्री भुंकली. पायवाटेवरून एक जोडपं येत होतं, दोन ओली कुत्री घेऊन. त्याचा हात असा गळून पडला, जणू कधी धरलाच नव्हता. ‘छान हवा आहे,’ तो त्यांना म्हणाला. चक्क! मी त्या जोडप्याला चिकटले ती गाव येईपर्यंत सोडलं नाही. त्यांना वाटलं असेल, काय बडबडी बाई आहे. सगळा इतिहास ऐकवला त्यांना. तो मागून येत होता.

कड्याच्या वळणावर समुद्र उघडा झाला. आर्चीची बोट लांब गेली होती. एवढीशी, पांढरी रेघ मागे. मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, ‘आणि इथले कोळी अजूनही खेकडे धरायला असेच जातात.’

गावात इझबेल टपरी उघडून बसली होती! हातात सुरी, समोर खेकडे. त्याने विचारलं, तिने सांगितलं — ‘हो, बोलली होती. खेकडा कसा सोलायचा विचारत होती. तुम्हाला देऊ एक?’ तो गाडीत बसून गेला. ती गाडी दिसेनाशी झाल्यावर इझबेलच्या हातातली सुरी खाली पडली. मग आम्ही दोघी तिथंच, माशांच्या वासात, गळ्यात गळा घालून बसलो.

दंडावर चार बोटं उमटलीयत. नोरीनने फोटो काढून ठेवला. ‘उद्या पोलिसांना दाखवायचं. नाही म्हणायचं नाही,’ म्हणाली.

शुक्रवार, १७ मे

कॉरल पोलिसांपुढे गेली. शोध थांबवला. त्याला एवढंच कळवलं — जिवंत आहे, भेटायचं नाही. मीही दंड दाखवून आले. या वेळी एक पोलीसबाई होती. सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही.

रॅबने माझ्या दाराला नवं कुलूप बसवलं. ‘चोराला नाही, फुलवाल्याला,’ म्हणाला. हसायला आलं. मग खूप वेळ रडले.

शनिवार, २५ मे

आज पहिली सहल. कंपनीने स्केलहेवन वगळलंय, किल्लाही. बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक पुरुषाचे मी आधी बूट बघते. माइक दोनदा खाली ठेवला. लोकांना वाटलं, बाईंना सर्दी झालीय.

तो त्याच्या घरी परत गेला म्हणतात. म्हणतात! पोलीसबाई फोनवर म्हणाल्या, ‘आम्ही त्याची जरा चौकशी करतोय.’ कसली, ते सांगितलं नाही.

कॉरलचा फोन आला होता. तिने एकटीने बसचं तिकीट काढलं. चुकीच्या बसचं. पण काढलं!

रविवार, २ जून

स्वप्नात तार. रोज.

मंगळवार, ११ जून

पोलीसबाई स्वतः आल्या होत्या. बसा म्हटलं तर आधी मला बसवलं.

कॉरलच्या आधी त्याची एक बायको होती. कॉरलला त्याने सांगून ठेवलंय, ती दुसऱ्याबरोबर पळून गेली. पळाली नव्हती. कॉर्नवॉलला सहलीला गेली होती, नवऱ्याबरोबर, अशाच एका बसने — कोळ्यांची गावं, किल्ले. कड्यावर पाय घसरला, अशी नोंद आहे. साक्षीदार एकच, तो. आमची सहलही त्यानेच निवडली होती. निघण्याच्या महिनाभर आधी त्याने कॉरलच्या आयुष्याचा विमा उतरवला होता.

काल त्याला अटक झाली.

कॉरलला यातलं काहीच माहीत नाही. तिला अजून वाटतं, आपण नवऱ्याला फसवून पळालो. उद्या सकाळी तिला सांगायचंय. पोलीसबाईंनी विचारलं — तिला सांगताना जवळ कुणीतरी असलेलं बरं, तुम्ही याल का?

जाते आहे.